कुपीची मान बारीक का असते?

इंजेक्शनची काचेची कुपी आपण सर्वांनीच पाहिलेली असते. खाली औषध असलेला नळीसारखा भाग, त्यावर एकदम निमुळती होत गेलेली मान आणि वर बंद टोक. तिला बूच नाही, झाकण नाही, आटे नाहीत. काच हेच पात्र आणि काच हेच झाकण. आतले द्रव्य हवे असेल तर मान मोडावी लागते आणि एकदा मोडलेली मान पुन्हा गुपचूप जोडता येत नाही. या कुपीला आपण अँप्यूल म्हणतो. ती दवाखान्यात असते तशी प्रयोगशाळेतही असते. हवेने किंवा ओलाव्याने बिघडणारी रसायने, अचूक प्रमाणाची द्रावणे, गोठवून सुकवलेले जिवाणू अशाच कुप्यांमध्ये वर्षानुवर्षे जपून ठेवतात.

ही कुपी हातात घेऊन एखाद्या विद्यार्थ्याने विचारले, की हिची मान एवढी बारीक का, तर आपण काय सांगू? 'मोडायला सोपी जावी म्हणून' हे उत्तर चुकीचे नाही, पण ते अर्धेच आहे. मुळात मान बारीक झाली ती मोडण्यासाठी नव्हे, तर बंद करण्यासाठी. तिच्यामागे सुमारे अडीचशे वर्षांपूर्वीचा एक वाद आहे. त्या वादाच्या मुळाशी असलेला प्रश्न विज्ञानात पुन:पुन्हा समोर येतो. पात्रात बाहेरून काही आले नाही आणि आतून काही गेले नाही, असे आपण म्हणतो ते कशाच्या आधारावर? या लेखात आपण त्या प्रश्नाचा माग काढू.

बंद काचेचे पहिले धडे

गॅलिलिओच्या काळातील तापदर्शक नळीचे एक टोक उघडे असे. त्यामुळे नळीतील द्रवाची पातळी तापमानाने बदले आणि हवेच्या दाबानेही बदले. पातळी उतरली ती थंडीमुळे की दाब बदलल्यामुळे, हे सांगता येत नसे. सतराव्या शतकाच्या मध्यास फ्लॉरेन्समध्ये टस्कनीचा ग्रँड ड्यूक फर्डिनांड दुसरा याच्या आश्रयाने नवे तापमापक तयार झाले. नळीत मद्यार्क भरायचा आणि नळीचे टोक ज्योतीत वितळवून बंद करायचे. बाहेरच्या हवेचा संबंध तुटला आणि द्रवाची पातळी एकट्या तापमानाप्रमाणे हलू लागली. बंद काचेने दोन कारणांपैकी एक बाजूला काढले.

पण नळी बंद करणे पुरेसे नसते, ती केव्हा उघडायची हेही कळावे लागते. याचे उत्तम उदाहरण म्हणजे कथलाचे भस्म. कथील हवेत तापवले की त्याचे पांढरे भस्म होते आणि वजन वाढते. हे वजन कुठून येते? रॉबर्ट बॉइलने बकपात्रात कथील घालून पात्राची मान वितळवून बंद केली आणि ते तापवले. थंड झाल्यावर त्याने मान मोडली. तेव्हा बाहेरची हवा सूं असा आवाज करीत आत शिरल्याचे त्याने नोंदवले आहे. मग त्याने वजन केले. ते वाढलेले होते. १६७३ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात त्याने निष्कर्ष काढला, की अग्नीचे सूक्ष्म कण काचेतून आत गेले आणि धातूला चिकटले.

सुमारे शंभर वर्षांनी, १७७४ मध्ये लॅव्हाझिएने तोच प्रयोग केला. फरक फक्त क्रमाचा होता. त्याने बंद पात्राचे वजन तापवण्यापूर्वी केले आणि तापवून थंड झाल्यावर, मान न मोडता, पुन्हा केले. दोन्ही वजने सारखी भरली. म्हणजे काचेतून आत काहीच आले नव्हते. त्यानंतर मान मोडली, हवा आत शिरली आणि वजन वाढले. ही वाढ कथलाच्या वजनात झालेल्या वाढीशी जुळत होती. कथलाने पात्रातल्या हवेचाच काही भाग घेतला होता आणि बाहेरून आत शिरली ती त्या जागेची भरपाई होती.

बॉइलने तो आवाज ऐकला होता, पण त्याचे वजन केले नाही. दोघांची पात्रे सारखी, ज्योत सारखी, धातूही तोच. एकाने मान मोडून तराजू हाती घेतला, दुसऱ्याने तराजूनंतर मान मोडली. वस्तुमानाच्या अक्षय्यतेचा नियम शिकवताना हा क्रम विद्यार्थ्यांसमोर मांडण्यासारखा आहे.

दोन धर्मगुरूंचा वाद

आता मूळ प्रश्नाकडे वळू. अठराव्या शतकात युरोपात वाद चालला होता तो जीवाच्या उत्पत्तीचा. मांसाचा रस किंवा धान्याचा काढा काही दिवस ठेवला, की त्यात सूक्ष्म जीव वळवळताना दिसतात. ते आपोआप निर्माण होतात की बाहेरून येतात? जॉन नीडहॅम या इंग्रज कॅथलिक धर्मगुरूने मटणाचा रस तापवून बाटलीत भरला, बूच आणि राळेसारखा चिकट पदार्थ लावून बाटली बंद केली आणि पुन्हा गरम राखेत तापवली. तरीही काही दिवसांनी त्यात जीव दिसले. १७४८च्या सुमारास त्याने जाहीर केले, की पदार्थात जीव निर्माण करणारी एक शक्ती असते.

इटलीतला लाझ्झारो स्पालान्झानी हाही धर्मगुरू होता. त्याला नीडहॅमच्या बुचाचा संशय आला. बूच सच्छिद्र असते, त्याच्या फटींतून हवा जाऊ शकते. म्हणून त्याने चंबूंच्या माना ज्योतीत वितळवून बंद केल्या आणि ते चंबू पाऊण ते एक तास उकळत्या पाण्यात ठेवले. त्यांतले काढे स्वच्छ राहिले. १७६५ साली त्याने हे प्रसिद्ध केले.

नीडहॅमचे उत्तर मासलेवाईक होते. त्याने म्हटले, की एवढे उकळल्यावर पदार्थातली जननशक्ती नष्ट होणारच. शिवाय चंबूतली हवाही बिघडली, तिची लवचीकता गेली. अशा हवेत जीव कसे निर्माण होतील?

इथे स्पालान्झानीचे मोठेपण दिसते. त्याने आक्षेप उडवून लावला नाही, तो तपासला. बंद चंबूची मान मोडताना सूं असा आवाज येतो आणि हवा आत शिरते, हे त्याच्याही लक्षात आले. म्हणजे चंबूतली हवा खरोखरच विरळ झाली होती. ती उकळण्यामुळे झाली होती का? नाही. ती मान बंद करतानाच झाली होती. रुंद मान वितळवायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात चंबू तापतो, आतली हवा प्रसरण पावते आणि बरीचशी बाहेर निघून जाते. मग मान बंद होते आणि उरलेली हवा विरळ राहते.

आकड्यांत पाहायचे तर चार्ल्सचा नियम लावावा. खोलीचे तापमान २७ अंश सेल्सियस, म्हणजे ३०० केल्विन, धरू. चंबूतल्या हवेचे सरासरी तापमान ३२७ अंशांपर्यंत, म्हणजे ६०० केल्विनपर्यंत, गेले आणि त्याच क्षणी मान बंद झाली, तर निम्मी हवा बाहेर गेलेली असेल. चंबू थंड झाल्यावर आतला दाब बाहेरच्या दाबाच्या निम्मा होईल. नीडहॅमचा सिद्धान्त चुकीचा होता, पण त्याने बोट ठेवलेली जागा बरोबर होती.

स्पालान्झानीने यावर काढलेला उपाय साधा होता. त्याने चंबूची मान आधीच तापवून ओढली आणि केसासारखी बारीक केली. मग चंबू थंड होऊ दिला, म्हणजे आतली हवा पुन्हा बाहेरच्यासारखी झाली. त्यानंतर त्या बारीक टोकाला ज्योतीचा नुसता स्पर्श केला. टोक क्षणात वितळून मिटले. चंबूला उष्णता पोचलीच नाही. असे बंद केलेले चंबू तासभर उकळल्यावरही स्वच्छ राहिले. हे प्रयोग त्याने १७७६च्या ग्रंथात दिले आहेत.

कुपीची मान बारीक का, याचे उत्तर हे आहे. बंद करण्याची क्रिया आतल्या द्रव्याला जाणवू नये म्हणून.

हिमनदीवरची ज्योत

वाद मात्र इथे संपला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी निकोला अपेरने अन्न बाटल्यांत भरून, उकळून टिकवण्याची कृती शोधली. गे-ल्युसॅकने १८१० मध्ये अशा बाटल्यांतील हवा तपासली तेव्हा तिच्यात प्राणवायू आढळला नाही. मग जीव निर्माण होत नाहीत ते प्राणवायू नसल्यामुळे, असे म्हणायला पुन्हा वाव मिळाला.

लुई पाश्चरने १८६० मध्ये प्रश्नाची मांडणीच बदलली. त्याने सुमारे २५० मिलिलिटरचे चंबू घेतले, त्यांत तृतीयांश भाग यीस्टचे साखर घातलेले पाणी भरले, माना ओढून बारीक केल्या आणि द्रव उकळत असतानाच टोके बंद केली. उकळताना वाफेने हवा बाहेर ढकलली होती, त्यामुळे थंड झाल्यावर आत जवळजवळ निर्वात राहिला. असा चंबू वेगवेगळ्या ठिकाणी नेऊन मान मोडायची, तिथली हवा आत शिरू द्यायची आणि टोक पुन्हा ज्योतीने बंद करायचे. आता आत शिरलेली हवा साधी, न तापवलेली होती. 'हवा बिघडली' असे म्हणायला जागा राहिली नाही.

पॅरिसच्या वेधशाळेच्या तळघरात, जिथे हवा संथ असते, उघडलेल्या १० चंबूंपैकी एकच बिघडला. तिथल्याच अंगणात उघडलेले ११ च्या ११ बिघडले. आर्ब्वा गावाजवळच्या शिवारात २० पैकी ८, सुमारे ८५० मीटर उंचीच्या पुपे डोंगरावर २० पैकी ५, आणि आल्प्समधील मेर द ग्लास या हिमनदीवर २० पैकी फक्त १ बिघडला. हवा सगळीकडे होती, प्राणवायूही होता. कमी-जास्त होती ती हवेतली धूळ आणि तिच्यासोबतचे जंतू.

हिमनदीवरच्या प्रयोगातली एक अडचण मात्र पुस्तकांत सहसा येत नाही. पहिल्या दिवशी पाश्चरला चंबू बंदच करता आले नाहीत. वाऱ्याने दिव्याची ज्योत हलत होती आणि बर्फावरच्या लखलखाटात ती डोळ्यांना दिसत नव्हती. उघडलेले चंबू तसेच घेऊन तो जवळच्या खाणावळीत परतला. खोलीतल्या धुळीत रात्रभर राहिलेले ते चंबू बहुतेक बिघडले. दुसऱ्या दिवशी त्याने दिव्याची व्यवस्था सुधारून नव्याने २० चंबू उघडले आणि बंद केले. फसलेल्या दिवसाची नोंदही त्याने निकालांसोबत दिली आणि तीही त्याच्याच बाजूचा पुरावा ठरली.

पुढे आणखी एक गोष्ट समजली. काही जिवाणूंची बीजुके साध्या उकळण्याने मरत नाहीत. त्यामुळे पात्र उत्तम बंद केले तरी आतले द्रव्य निर्जंतुक असेलच असे नाही. पाश्चरचा सहकारी शांबरलाँ याने १८७९च्या सुमारास दाबाखालच्या वाफेचे पात्र, म्हणजे ऑटोक्लेव्ह, तयार केले. १२१ अंश तापमानाला १५ मिनिटे, ही आपल्या परिचयाची कृती त्याच मार्गाने आली. निर्जंतुक करणे आणि बंद करणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगायला हवे.

औषधाच्या दुकानात जन्मलेली कुपी

१८५०च्या दशकात त्वचेखाली टोचण्याची पिचकारी वापरात आली होती. मॉर्फिनसारखी औषधे तिने देत. पण त्यांची द्रावणे बाटलीत टिकत नसत. त्यांत बुरशी धरे, आणि बाटली वारंवार उघडल्याने पाणी उडून जाऊन औषधाचे प्रमाणही बदले. पॅरिसमधील स्टानिस्लास लिमुझाँ या औषध-विक्रेत्याने १८८६ मध्ये उपाय सुचवला. छोटी काचकुपी तापवून निर्जंतुक करायची, तिच्यात एका टोचणीपुरते द्रावण भरायचे आणि तिची बारीक मान ज्योतीत बंद करायची. स्पालान्झानी आणि पाश्चर यांचा चंबू लहान होऊन औषधाच्या दुकानात आला. अँप्यूल या शब्दाचे मूळ लॅटिन आहे आणि त्याचा अर्थ लहान कुपी असाच आहे.

काचेची जातही महत्त्वाची ठरली. साध्या सोडा काचेतून थोडा अल्क पाण्यात उतरतो. मॉर्फिनच्या क्षाराच्या द्रावणात अल्क मिसळला, की मूळ मॉर्फिन साक्यासारखे खाली बसू शकते. जर्मनीत येना येथे ओटो शॉटने १८८०च्या दशकात बोरॉनयुक्त काच तयार करायला प्रारंभ केला. ही काच पाण्याला फारसे काही देत नाही आणि तापमानातला फरकही चांगला सोसते. तापल्यावर ती सोडा काचेच्या सुमारे तिसरा हिस्साच प्रसरण पावते. मात्र ती मऊ व्हायला ८०० अंशांच्या वर तापमान लागते. सोडा काच ७०० अंशांच्या आसपास मऊ होते.

भरणे आणि बंद करणे

प्रयोगशाळेत हे काम हाताने करायचे तर पुढील गोष्टी सांभाळाव्या लागतात. प्रत्येकीमागे कारण आहे.

पहिली गोष्ट, मान कोरडी हवी. द्रव लांब सुईने थेट तळाशी सोडतात आणि सुई मानेला न लावता बाहेर काढतात. मानेत थेंब राहिला तर ज्योतीत त्याची वाफ होते आणि ती मऊ काचेला छिद्र पाडते. द्रवात साखर किंवा अन्य सेंद्रिय पदार्थ असेल तर तो जळून काळे कण आत पडतात.

दुसरी, कुपी काठोकाठ भरायची नाही. तापमान वाढले की द्रव प्रसरण पावतो. त्याला वर जागा नसेल तर कुपी फुटते.

तिसरी, बंद करण्याच्या दोन रीती आहेत. एकीत टोक ज्योतीत धरून वितळवतात, म्हणजे काच गोळा होऊन टोकाला मणी बनतो. ही सोपी आहे, पण मण्याच्या मध्यभागी केसाएवढी वाट उरण्याचा धोका असतो. दुसरीत कुपी गोल फिरवत मानेचा मधला भाग मऊ करतात आणि वरचे टोक चिमट्याने धरून सावकाश ओढून घेतात. मान बारीक होत होत मिटते आणि तुटते. पूड भरलेल्या कुपीला ही रीत बरी.

चौथी, आतल्या वायूचे वागणे ओळखावे. बंद होण्याच्या क्षणी आतली हवा तापली तर ती मऊ काच फुगवते आणि काचेचा पातळ फुगा होतो. म्हणून उडून जाणारा द्रव असेल तर कुपीचा खालचा भाग बर्फात ठेवतात. हवेने बिघडणारा पदार्थ असेल तर आधी नायट्रोजन सोडून हवा घालवतात. निर्वात करून बंद करायची असेल तर उलटे घडते. बाहेरचा दाब, दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोग्रॅम वजनाइतका, मऊ काचेला आत दाबतो. त्यासाठी मानेचा तो भाग आधीच जाड भिंतीचा करून ठेवतात. ईथरसारखे पेट घेणारे द्रव ज्योतीजवळ आणण्याचे काम जाणकाराशिवाय कोणी करू नये.

पाचवी, थंड करणे. काच एकदम थंड झाली तर बाहेरचा थर आधी आवळतो, आतला मागाहून, आणि काचेत ताण राहतो. अशी कुपी काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही तडकते. म्हणून बंद केल्यावर टोक लहान ज्योतीत क्षणभर धरून सावकाश निववतात, आणि तपासणी लगेच न करता काही काळाने करतात.

शेवटची गोष्ट तपासणीची. कुप्या मिथिलीन ब्लूच्या निळ्या द्रावणात बुडवतात आणि भांड्यातली हवा काढून घेतात. कुपीला छिद्र असेल तर आतली हवा बाहेर येते. मग भांड्यात हवा सोडली, की त्याच छिद्रातून निळे पाणी आत शिरते. कुप्या धुऊन उजेडात धरल्या की गळकी कुपी आतल्या निळ्या रंगाने स्वतःच सांगते. औषधांच्या कारखान्यांत आता विद्युतदाबाने तपासणाऱ्या यंत्रांचाही उपयोग करतात.

मुल्कोवालची बाटली

या साऱ्या काळजीचे मोल किती, हे सांगणारी एक घटना आपल्या परळच्या प्रयोगशाळेशी निगडित आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. तिथून बाटल्या देशभर जात. एका बाटलीत अनेकांना पुरेल एवढी लस असे आणि बाटली बुचाने बंद केलेली असे.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल या गावी, जे आता पाकिस्तानात आहे, १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी ५३-एन क्रमांकाच्या बाटलीतून टोचलेल्या १९ जणांना पुढे धनुर्वात झाला आणि ते सर्व मरण पावले. अन्य बाटल्यांतून टोचलेल्यांना काही झाले नाही.

प्रश्न एकच होता. धनुर्वाताचे जंतू बाटलीत कुठे शिरले, मुंबईत की मुल्कोवालला? मुंबई उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील चौकशी आयोगाने ठरवले, की बाटली उघडण्यापूर्वीच दूषित होती. हाफकिन यांना प्रयोगशाळा सोडावी लागली. पण पुराव्यात वेगळ्या गोष्टीही होत्या. बूच काढण्याचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता आणि तो जंतुनाशकात केवळ बुचकळून लगेच वापरला गेला होता. धनुर्वाताचे जंतू द्रवात कित्येक दिवस वाढले तर दुर्गंधी येते. बाटली उघडल्यावर डॉक्टरांनी वास घेतला होता आणि तसा वास आला नव्हता. रोनाल्ड रॉस आणि अन्य शास्त्रज्ञांनी जुलै १९०७ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहून हे मुद्दे मांडले. त्या वर्षअखेर हाफकिन यांच्यावरचा ठपका दूर झाला. १९२५ मध्ये त्या प्रयोगशाळेला हाफकिन यांचेच नाव देण्यात आले.

बुचाची बाटली एकदा उघडली, की ती आधी कशी होती याचा पुरावा नाहीसा होतो. आणि एका बाटलीतून अनेकांना टोचले, तर एका चिमट्याची चूक अनेकांच्या अंगात जाते. ज्योतीने बंद केलेली, एका माणसापुरती कुपी या दोन्ही बाबतींत मदत करते. मान अखंड आहे तोवर बाहेरून काही आलेले नाही, आणि मान मोडताना काही चुकलेच तर ते एकापुरते राहते.

न दिसणारी भेग

पण 'मान अखंड आहे' हे तरी कसे ठरवायचे? इंग्लंडातील चेस्टरफील्ड येथील रुग्णालयात १३ ऑक्टोबर १९४७ रोजी दोन रुग्णांना शस्त्रक्रियेसाठी पाठीच्या कण्यात भुलीचे औषध टोचले. औषध बंद काचकुप्यांत होते आणि कुप्यांची बाहेरची बाजू निर्जंतुक राहावी म्हणून त्या फिनॉलच्या द्रावणात बुडवून ठेवत. दोन्ही रुग्णांचे कमरेखालचे शरीर कायमचे लुळे पडले. खटल्यात निष्कर्ष निघाला, की काचेला डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा होत्या आणि त्यांतून फिनॉल आत झिरपले होते. १९५४ मध्ये अपील न्यायालयाने डॉक्टरांना दोषी धरले नाही. अशा भेगा पडू शकतात हे १९४७ मध्ये सर्वसाधारणपणे माहीत नव्हते, आणि तेव्हाची घटना नंतरच्या ज्ञानाच्या चष्म्यातून पाहू नये, असे न्यायमूर्ती डेनिंग यांचे म्हणणे होते. भेगांची कल्पना असती तर फिनॉलला गडद निळा रंग दिला असता आणि दूषित कुपी लगेच ओळखू आली असती, हेही निकालपत्रात आहे. हा रंग म्हणजे आपण वर पाहिलेली तपासणीच.

या प्रकरणाला पुढे आणखी एक वळण मिळाले. १९९० मध्ये जुने पुरावे पुन्हा तपासण्यात आले, तेव्हा फिनॉलपेक्षा वेगळी शक्यता अधिक संभवनीय दिसली. सुया-पिचकाऱ्या उकळण्याच्या भांड्यातला क्षाराचा थर काढण्यासाठी वापरलेले आम्ल त्यांत राहिले असावे. म्हणजे कदाचित कुप्या निर्दोष होत्या आणि दोष त्या उघडल्यानंतरच्या वाटेवर होता. पण कुप्यांची तपासणी त्या वेळी झालेली नव्हती. म्हणून त्या निर्दोष होत्या असे आज कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

वर्गात करून पाहावे

दोन साधे प्रयोग शाळेतही करता येतील. ते शिक्षकांनी स्वतः, डोळ्यांना चष्मा लावून करावेत.

एक. ड्रॉपरच्या जातीची साध्या काचेची नळी स्पिरिटच्या दिव्यावर सतत फिरवत तापवावी. मधला भाग लवला की नळी ज्योतीबाहेर काढून सरळ ओढावी. निवल्यावर बारीक भाग मोडून एक टोक ज्योतीला नुसते लावावे. ते किती चटकन मिटते आणि त्याच वेळी नळीचा रुंद भाग किती थंड असतो, हे विद्यार्थ्यांना जाणवेल. नळी पूर्ण निवल्यावर दुसऱ्या टोकाला रबरी नळी लावून मिटलेले टोक पाण्यात धरावे आणि हलके फुंकावे. बुडबुडे आले तर टोक गळके आहे.

दोन. उकळत्या पाण्यातून वाफ सहन करू शकणारा रिकामा चंबू गरम पाण्यात धरून चांगला तापवावा, लगेच घट्ट बूच लावावे आणि निवू द्यावा. मग तो उलटा करून पाण्याखाली बूच काढावे. पाणी आत चढेल. जेवढे पाणी चढले तेवढी हवा बंद करण्यापूर्वी निघून गेली होती. नीडहॅमच्या आक्षेपातला खरा भाग तो हाच.

दोन्ही प्रयोग झाल्यावर विद्यार्थ्यांना एक औषधाची रिकामी कुपी लांबूनच दाखवावी, कारण मोडलेल्या मानेची कड धारदार असते, आणि पहिला प्रश्न पुन्हा विचारावा. फ्लॉरेन्सच्या तापमापकापासून परळच्या बाटलीपर्यंत प्रत्येक वेळी काच बंद करणाऱ्याला दोन गोष्टी सांगाव्या लागल्या. काय आत आहे, ही एक. आणि बंद करताना व उघडताना मी स्वतः त्यात काय बदलले, ही दुसरी. पहिली गोष्ट कुपीवरच्या चिठ्ठीवर लिहिता येते. दुसरीसाठी तपासणीची नोंद ठेवावी लागते, आणि प्रयोगवहीत त्या नोंदीला स्वतंत्र रकाना असावा, एवढे तर आपण आपल्या शाळेत आजच सुरू करू शकतो.